सर होमी मोदी

लँकशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. मग तो कापूस खुद्द सुरतेकडचा असो की आमच्या वऱ्हाडचा! अमेरिकेतील यादवीमुळे 1861 नंतर तिकडचा लांब धाग्याचा कापूस येईनासा झाला आणि या आखूड, कचरा मिसळलेल्या कापसाने तेथील कामगार मेटाकुटीस आले. एका उपासनेत पाळकांनी कापसासाठी प्रार्थना केली, तेव्हा एका कामगाराने, प्रभो, सुरत मात्र नको, अशी पुस्ती जोडली, असे सांगतात.

याच कापसाची रदबदली पुढे सर होमी मोदी यांच्याकडे आली. त्यांचा जन्म 1881 सालचा. पेशाने वकील असलेले हे पारशी गृहस्थ मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले व 1929 साली मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. मुंबईच्या गिरणीमालक संघाचेही ते अध्यक्ष होते. 1933 साली त्यांनी लँकशायरच्या शिष्टमंडळाशी मोदी-लीस करार केला. विलायती मालाला जकातीत काही सवलत मिळावी आणि लँकशायरने हिंदी कापसाचा वापर वाढवावा, असा तो सौदा होता. अहमदाबादचे गिरणीमालक त्यापासून दूर राहिले व मोदींवर देशहित विकल्याचा आरोप झाला. आम्हास तो आरोप अन्यायाचा वाटतो. जपानी कापडाने बाजार भरला असता त्यांनी दोहोंपैकी एक प्रतिस्पर्धी आपलासा केला, इतकेच.

पुढे ते टाटांच्या उद्योगात संचालक झाले. 1941 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांना पुरवठा खाते मिळाले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवसांचे उपोषण मांडले. त्यांचा प्राण जाऊ नये म्हणून त्यांना सोडावे, असे मोदींचे मत पडले. सरकार बधेना. तेव्हा आमचे लोकनायक बापूजी अणे, नलिनीरंजन सरकार आणि मोदी या तिघांनी राजीनामे दिले. मोदी काही काँग्रेसचे नव्हते आणि आयुष्यभर देवघेव करीत आले होते. येथे मात्र त्यांनी ती केली नाही.

1949 ते 1952 ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. 9 मार्च 1969 रोजी ते वारले. त्यांचे एक पुत्र रुसी टाटांच्या पोलाद कारखान्यात होते. दुसरे, पिलू, 1967 साली गोध्र्याहून लोकसभेवर निवडून आले होते.