इतिहासाचार्य राजवाडे : एका दप्तरवेड्याची कहाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तलवारी आणि रणांगणे उभी राहतात. परीक्षा जवळ आली की सनावळ्या आठवतात. परंतु या सनावळ्या कोणी शोधून काढल्या आणि त्या खऱ्या कशावरून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मलाही तो पडला नव्हता. गेल्या वर्षी ग्रंथालयात बसून वि. का. राजवाडे यांच्याविषयी वाचले आणि तेव्हापासून या विलक्षण माणसाने मला झपाटून टाकले. त्यांची ओळख आपल्या विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी वरसई येथे झाला. वरसई हे पेण तालुक्यातील गाव, म्हणजे आपल्या पनवेल-उरणच्या शेजारचेच. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत जाऊन आलेले आणि पुढे ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे हेही याच वरसईचे. राजवाडे लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. शिक्षण पुण्यात झाले. थोरले बंधू वैजनाथ हे पुढे संस्कृतचे नामवंत प्राध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले. धाकट्या विश्वनाथांची वाट मात्र सरळ नव्हती. मॅट्रिक होऊन बी. ए. ची पदवी पदरात पडेपर्यंत बरीच वर्षे गेली. वर्गात मन रमेना, डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात मात्र ते तासन्‌तास रमत. आपण घेतलेल्या शिक्षणाचा खरपूस समाचार घेणारा एक लेखही त्यांनी पुढे लिहिला. आपल्यापैकी ज्यांची हजेरी कमी भरते त्यांनी यावरून आनंदित होऊ नये, कारण राजवाडे वर्ग चुकवून वाचत बसत असत!

पदवीनंतर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि सोडली. तरुण वयातच पत्नी वारली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ स्वतः मराठीत आणला. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले लेखन मराठीतच करायचे, असा त्यांचा निर्धार होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्या काळी इंग्रजीत लिहिले असते तर नाव सातासमुद्रापार गेले असते, पैसाही मिळाला असता. त्यांना दोन्हींची पर्वा नव्हती.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती वाईस. तेथे पेशवाईतील जुन्या पत्रांचा साठा त्यांच्या हाती आला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतची ती पत्रे होती. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने लिहून १८२६ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ, अशीच समजूत होती. राजवाड्यांनी ही पत्रे १८९८ साली छापली आणि प्रस्तावनेत डफच्या चुका एकामागून एक दाखवून दिल्या. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा हा पहिला खंड होय. पुढे या मालेचे एकूण २२ खंड निघाले.

हे काम किती कष्टाचे होते याची कल्पना आज येणे कठीण. पत्रे मोडी लिपीत असत. मोडी लिहिताना हात शक्यतो उचलायचा नाही. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लोंबकळत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कोठे संपला ते कळत नाही. त्यातून बऱ्याच पत्रांवर मुसलमानी महिना आणि चंद्राची तारीख असे, साल नसे. मग मजकुरात कोणाचे नाव आले, कोणती लढाई झाली, फौज कोठे होती, हे ताडून साल ठरवायचे. एका पत्राचे साल चुकले तर पुढचा सारा इतिहास चुकायचा.

आणि हे कागद मिळवायचे तरी कोठून? पेशव्यांचे मोठे दप्तर सरकारच्या ताब्यात होते व तेथे अभ्यासकांना सहजासहजी प्रवेश नव्हता. तेव्हा राजवाडे गावोगाव हिंडले. सरदारांचे वाडे, देशमुख-कुलकर्ण्यांची घरे, मठ आणि देवळे त्यांनी पालथी घातली. सोबत मोजके कपडे आणि स्वयंपाकाची चार भांडी. स्वतः शिजवून खायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायची. कोणी आदराने दप्तर सोडून दाखवी, कोणी संशयाने दारातूनच परत पाठवी. कोठे वाळवी लागलेली, कोठे पावसात भिजून लगदा झालेला. इंग्लंडात घराघरांतील जुन्या हस्तलिखितांचा शोध घेण्यासाठी १८६९ साली तेथील सरकारने एक आयोगच नेमला होता. आपल्याकडे ते काम एका माणसाने पायपीट करून आरंभिले.

राजवाड्यांचा शोध केवळ पेशवाईपुरता नव्हता. बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. १९२२ साली शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह छापले. १९२४ साली आली ‘महिकावतीची बखर’. ही बखर तर आपल्याच भागाची. खाडीपलीकडची साष्टी, ठाणे, माहीम या मुलखाची मध्ययुगातील हकिकत तिच्यात आहे. नवी मुंबई नवी असेल, पण तिच्या भोवतालची माती किती जुनी आहे, हे ती बखर चाळली म्हणजे कळते.

७ जुलै १९१० रोजी राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. परंतु स्वभाव तापट आणि शब्द धारदार. मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले. अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यास काढली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेले कागद सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांचे सगळेच पटते असे मात्र नाही. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना ते पुष्कळदा कल्पनेच्या भराऱ्या मारीत. जातींविषयीची त्यांची काही मते वाचताना माझ्यासारख्याला त्रास झाला. त्या काळीही तो अनेकांना झाला होता. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिले. पण येथेच मला राजवाड्यांच्या कामाचे खरे मोल कळले. त्यांनी आपली मते सांगितली, तसे कागदही छापून सर्वांपुढे ठेवले. ज्याला त्यांचे म्हणणे मान्य नसेल त्याने तेच कागद उघडून वेगळा अर्थ लावावा. त्यांची मते आज कित्येकांनी बाजूला ठेवली आहेत. कागद मात्र सर्वांना लागतात, त्यांच्या विरोधकांनासुद्धा.

येथे थोडे घरचे सांगतो. आमचे मूळ गाव वाई तालुक्यात. वडील वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरात मीच पहिला. राजवाड्यांना पहिली पत्रे वाईस मिळाली हे वाचून मी सुट्टीत आजीला विचारले, आपल्याकडे जुने कागद आहेत काय? आजी म्हणाली, होते की रुमालात बांधलेले, पण कोणाला वाचता येईनात, म्हणून बंब पेटवायला घेतले. ऐकून पोटात कालवले. तरी माळ्यावर शोधता चार कागद निघाले. मोडीची मुळाक्षरे समोर ठेवून मी पंधरा दिवस त्यांच्याशी झटापट केली. तीन कागद अजून लागलेले नाहीत. चौथा लागला. बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाचा तो रोखा आहे. खाली आमच्या एका पूर्वजाचे नाव आणि त्यापुढे सहीऐवजी नांगराचे छोटेसे चित्र. ज्याला अक्षर येत नसे तो शेतकरी अशी नांगराची निशाणी करीत असे, हे मला सरांनी समजावून सांगितले. ते चित्र मी आजीला दाखविले तेव्हा तिने त्यावरून हलकेच बोट फिरविले आणि कागद स्वतःच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवला.

या रोख्याने मराठ्यांच्या इतिहासात काही भर पडणार नाही. परंतु राजे-सरदारांच्या दप्तरांत आमच्यासारख्यांची नावे थोडीच सापडतात. ती सापडली तर अशाच कागदांत सापडतील. मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांची गावे साताऱ्यात, रत्नागिरीत, रायगडात आहेत. नवी मुंबईतील मूळ गावकऱ्यांच्या घरीही जमिनीचे जुने कागद असतील. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा माळ्यावर चढून पाहा. बंब तापवायला लाकडे पुष्कळ मिळतील. मोडी महिना-दोन महिन्यांत शिकता येते. राजवाड्यांसारखे पायी हिंडण्याची आज कोणालाच गरज नाही. आपापले घर शोधले तरी पुष्कळ आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)