तंतुवाद्यकार फरीदसाहेब शिकलगार

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण बहुधा राजे, सेनापती, संत आणि पुढारी यांचीच निवड करतो. ज्यांनी हातात हत्यार धरून एखादा धंदा नव्याने उभा केला आणि शेकडो कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या, अशा कारागिरांची आठवण क्वचितच होते. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामावर पोसलेला आहे. त्यामुळे आपल्या स्मरणिकेत एका कारागिराचे चरित्र यावे हे उचितच होय. हा कारागीर आपल्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. परंतु लाकडावर आणि कानशीवर ज्याचे पोट त्या प्रत्येकाने त्यास आपला मानावा, अशी त्याची योग्यता आहे. ते मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार होत.

कृष्णेच्या खोऱ्यातील मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. किल्ला, सरदार आणि शिबंदी म्हटली की शस्त्रे आलीच. आणि शस्त्रे आली की ती घासणारा, त्यांना धार व पाणी देणारा शिकलगार आलाच. फरीदसाहेबांचे घराणे हेच काम करीत असे. तलवारीचे पाते उजळणे आणि तिच्या मुठीची दुरुस्ती करणे यांवर त्या घराचा निर्वाह होता. १८१८ साली पेशवाई संपली. लढाया थांबल्या, शिबंद्या कमी झाल्या, आणि तलवार कमरेवरून उतरून भिंतीवर गेली. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले कामही हिरावून घेतले. ज्या विद्येवर घराणे जगले ती विद्या बिनकामाची ठरावी, याहून मोठे संकट कारागिरावर दुसरे कोणते? हातात कसब आहे, अंगात बळ आहे, पण दाराशी गिऱ्हाईक नाही, अशी ती स्थिती.

ह्या स्थितीत फरीदसाहेबांची दृष्टी दुसरीकडे वळली. त्या काळी तानपुरे आणि सतारी उत्तर हिंदुस्थानातून येत. प्रवासात किंवा वापरात त्यांची मोडतोड झाली, तर दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळत नसे. मिरजेच्या संस्थानिकांना गायनाची आवड असल्याने तेथे गवयांची ये-जा असे. परंपरा अशी सांगते की, इ. स. १८५० च्या सुमारास अशी मोडकी वाद्ये फरीदसाहेबांकडे व त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांच्याकडे दुरुस्तीस येऊ लागली. दुरुस्ती करताना वाद्य उलगडावे लागते. आणि उलगडलेली वस्तू डोळस कारागिरास आपली घडण आपणच शिकविते. दोघा भावांनी प्रथम दुरुस्ती केली, मग नवे वाद्य घडविले. मिरजेच्या तंतुवाद्यांचा आरंभ हा असा झाला.

तानपुरा घडविणे म्हणजे नुसते लाकूड तासणे नव्हे. त्याचे साहित्य एका गावात मिळत नाही. भोपळा लागतो तो भाजीचा नव्हे. कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा. तो भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढे भागातून आणावा लागतो. वेलावर पक्व झालेला भोपळा वाळवितात, तोंड कापतात, पाण्यात भिजवून आतील गर काढतात आणि बांबूच्या कामट्यांचा ताण देऊन त्याला आकार देतात. दांडी, गळा व तबली यांकरिता तूणाचे हलके पण टिकाऊ लाकूड लागते. तेही चांगले मुरलेले असावे लागते. ओल्या लाकडाने सुरास दगा दिलाच म्हणून समजा.

परंतु ह्या मोठ्या भागांहून मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते वाद्यावरील लहान भाग. मिरजेचा तानपुरा जवळून पाहिला तर ते ध्यानात येतात. भोपळ्याला गळा जेथे जोडतात तेथे लाकडात कोरलेली पाने बसविलेली असतात. तबलीच्या कडेने नक्षीची पट्टी फिरविलेली असते. माथ्याजवळ, तारा जेथून ओवून पुढे जातात तेथे, आडव्या पट्ट्या असतात. शिसवी खुंट्यांच्या टोकांवर पांढऱ्या हाडाचे ठिपके असतात, आणि घोडीच्या खाली तारेत ओवलेले मणी असतात. त्यांस कधी हंसाचा, कधी कमळाचा आकार दिलेला असतो. पाहणाऱ्यास हा केवळ शृंगार वाटतो. वस्तुतः पाने सांधा झाकतात व त्यास आधार देतात, पट्टी तबलीची कड उखळू देत नाही, आणि मणी किंचित सरकविला की तारेचा स्वर सुताइतका चढतो वा उतरतो. ज्या नक्षीला काम नाही ती कारागिराचा अहंकार दाखविते. जिला काम आहे ती त्याचा विवेक दाखविते. मिरजेच्या वाद्यांत हा विवेक दिसतो.

ह्या सर्व लहान भागांचा राजा म्हणजे घोडी. तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा डोळ्यांस सपाट दिसतो, परंतु तो तसा नसतो. तारेच्या दिशेने त्यास अत्यंत हलका उतार व फुगवटा असतो. छेडलेली तार कंप पावताना त्या उतारावर ओझरती टेकते आणि मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर जागे होतात. तारेखाली दोरा सरकवून हा परिणाम नेमका साधतात. यालाच जवारी म्हणतात. जवारी काढण्याचे हत्यार म्हणजे कानस आणि तिचे माप म्हणजे कान. तलवारीच्या पात्यावर हात फिरवून केसाएवढी उंच-सखल जागा ओळखणाऱ्या घराण्याला हे काम साधावे, यात आश्चर्य कसले? जुनी विद्या नाहीशी झाली नाही. तिला नवे घर मिळाले.

घोडीचे महत्त्व मी पुस्तकात वाचले नाही, घरी अनुभवले. मी नागपुरात शिक्षक असताना आमच्या शाळेतील तानपुऱ्याची घोडी फुटली व मणीही हरवले. माझे वडील नामांकित सुतार. त्यांनी उत्तम सागवानाची घोडी करून दिली, गुण्यात धरून काटेकोर सपाट केली. आणि आईच्या तुटलेल्या माळेतील काचेचे मणी तारांत ओवले. तारा चढविल्या, छेडल्या, आणि वाद्य मुके! स्वर निघे, पण त्यात गुंजन नव्हते. वडिलांनी तीन वेळा घोडी उतरविली आणि तीनही वेळा ती अधिकच सपाट केली. कारण सपाटी हाच आमच्या धंद्याचा धर्म. ते पुष्कळ दिवस खिन्न होते. पुढे दिवाळीच्या सुटीत मी तो तानपुरा घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसने मिरजेस गेलो. तेथील एका वृद्ध कारागिराने वडिलांची घोडी टाकून दिली नाही. तिच्यावर हाडाची पातळ पट्टी बसविली व तासभर कानस चालविली. मग ज्या वेळी तारा बोलू लागल्या त्या वेळी माझे डोळे भरून आले. परतल्यावर वडिलांनी त्या पट्टीवरून बोट फिरविले, बराच वेळ फिरविले, आणि समाधानाने मान हलविली. फरीदसाहेबांनी काय मिळविले ते मला त्या क्षणी उमगले.

फरीदसाहेबांच्या उद्योगाला मिरजेच्या संगीताने बळ दिले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मिरजेत शिष्य तयार केले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले व पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस आपले घर मानले. १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांस चिरविश्रांती मिळाली. गवयाचा कान कारागिरास शेजारीच मिळाला, म्हणून वाद्य सुधारत गेले. घराण्याचे नावही कामाबरोबर पालटले. शिकलगार सतारमेकर झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले. एका घराचा हा धंदा अनेक घरांचा झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

परंतु मानांकनाने सर्व चिंता मिटत नाहीत. पूर्वी घोडी, पट्ट्या आणि मणी यांकरिता हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी ते बंद झाले, आणि ते योग्यच झाले. हत्तीच्या प्राणावर कोणाचा सूर उभा राहू नये. त्या जागी उंटाचे हाड व कृत्रिम पदार्थ आले. कारागिरांनी नव्या पदार्थाची नस ओळखून कानस पुन्हा नव्याने चालविली. खरी अडचण पुढेच आहे. तानपुऱ्याचा सूर देणारी विजेवरची पेटी स्वस्तात मिळते, आणि तासन्‌तास एका घोडीवर बसणाऱ्या मुलास नोकरी करणाऱ्याएवढे उत्पन्न मिळेलच असे नाही. आपल्याही समाजात रंधा खुंटीला टांगून ठेवलेली घरे थोडी नाहीत. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः वडिलांचा रंधा सोडून खडू हाती घेतला.

तथापि तरुणांस एक गोष्ट विनयपूर्वक सांगावीशी वाटते. फरीदसाहेबांच्या हातातून तलवार गेली तेव्हा त्यांनी नशिबास बोल लावीत दिवस काढले नाहीत; तलवारीने हातास जे शिकविले होते ते त्यांनी जपले आणि त्यासाठी नवी जागा शोधली. धंदा काळाच्या ओघात जातो. हात आणि दृष्टी ही मात्र आपण टाकून दिल्यावाचून जात नाहीत. एखाद्या मैफलीत गवई गाण्यापूर्वी तानपुरा जुळवू लागेल, तेव्हा त्याच्या बोटांखालील लहानशा मण्याकडे क्षणभर पाहावे आणि त्या शिकलगारास मनोमन वंदन करावे, एवढीच प्रार्थना.