आर्थर लिडियार्ड : चढावर धावपटू घडवणारे प्रशिक्षक



शाळेच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की 100 मीटर आणि रिलेची प्रॅक्टिस जोरात सुरू होते. वेग वाढावा म्हणून बरेच जण मुलांना जिन्यावर नाहीतर चढावर पळवतात. चढावर पळाल्याने पायात जोर येतो, हे खरंच आहे. पण हा सराव केव्हा करायचा आणि त्याआधी काय करून घ्यायचं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांच्या आयुष्यात सापडतं. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

कारखान्यातला कामगार

लिडियार्ड यांचा जन्म 6 जुलै 1917 रोजी ऑकलंड शहरात झाला. ते बुटांच्या कारखान्यात काम करायचे. घरखर्चासाठी काही काळ त्यांनी दूध पोचवण्याचं कामही केलं. तरुणपणी रग्बी खेळत असल्याने आपण चांगले तंदुरुस्त आहोत, असं त्यांना वाटायचं. पंचविशी ओलांडल्यावर एकदा ते क्लबमधल्या वयाने मोठ्या धावपटूसोबत सुमारे 8 किलोमीटर पळायला गेले, तेव्हा त्यांची पार दमछाक झाली. आताच ही गत, तर आणखी वीस वर्षांनी काय होईल, हा विचार त्यांना सोडेना.

मग त्यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग सुरू केले. कधी खूप कमी पळायचे, कधी फार जास्त. कधी हळू, कधी जोरात. प्रत्येक वेळी शरीरावर काय परिणाम होतो ते बघायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. 1950 मध्ये ऑकलंडला झालेल्या एम्पायर गेम्समध्ये ते मॅरेथॉन धावले. 1953 आणि 1955 साली ते न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते झाले.

आधी पाया, मग चढ, मग वेग

या प्रयोगांतून त्यांची पद्धत तयार झाली. तिचे मुख्य टप्पे असे :

1. पाया : काही महिने दम न लागता, बोलत बोलत पळता येईल अशा गतीने लांब पळणं. मोठ्या धावपटूंसाठी हे आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर असायचं.
2. चढ : त्यानंतर काही आठवडे टेकडीवर सराव. गुडघे वर उचलत, घोट्यातून उसळी घेत चढायचं. वर पोचल्यावर सावकाश पळायचं आणि उतारावर अंग सैल सोडून खाली यायचं.
3. वेग : पाय बळकट झाल्यावरच ट्रॅकवरचा जोराचा सराव.

म्हणजे चढ हा लांब पळणं आणि वेग यांच्यामधला पूल होता. चढावर प्रत्येक पावलाला शरीराचं वजन वर ढकलावं लागतं, त्यामुळे पोटरी, मांडी आणि कमरेचे स्नायू खूप काम करतात. गुडघा आपोआप वर येतो. सपाट जमिनीपेक्षा गती कमी राहते आणि पाय आपटण्याचा धक्काही कमी बसतो. पुढे सपाट जमिनीवर पळताना हीच ताकद कामी येते.

एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं

लिडियार्ड यांचे सुरुवातीचे बरेच शिष्य ऑकलंडमधल्या त्यांच्या घराच्या आसपासचेच होते. दर आठवड्याला ते डोंगराळ रस्त्याने सुमारे 35 किलोमीटर पळायचे. त्यात 800 मीटरचे पीटर स्नेलही असायचे! मरे हॅलबर्ग यांचा एक हात रग्बीतल्या दुखापतीमुळे अधू झाला होता.

2 सप्टेंबर 1960 रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल यांनी 800 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच दिवशी थोड्या वेळाने हॅलबर्ग यांनी 5000 मीटरचं सुवर्ण जिंकलं. काही दिवसांनी बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळवलं. 1962 मध्ये स्नेल यांनी 800 मीटरचा जागतिक विक्रम केला, तोही गवताच्या ट्रॅकवर. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी 800 आणि 1500 मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली.

लिडियार्ड यांनी सामान्य माणसांनाही पळायला लावलं. वयस्कर आणि हृदयविकार झालेल्या लोकांना त्यांनी सावकाश पळायला शिकवलं. आज आपण जॉगिंग म्हणतो त्याचा प्रसार करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे त्यांनी फिनलंडमध्येही प्रशिक्षण दिलं. 11 डिसेंबर 2004 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचं निधन झालं.

आपल्या शाळेत काय करता येईल?

लिडियार्ड यांचे शिष्य मोठे होते आणि मध्यम-लांब पल्ल्याचे होते. त्यांचे किलोमीटर आपल्या चौथी-पाचवीच्या मुलांना लावायचे नाहीत. घ्यायचा तो क्रम.

- शाळा सुरू झाल्यापासूनच खेळ, लंगडी, खो-खो आणि सावकाश पळणं यातून दम वाढवावा. स्पर्धेला आठ दिवस उरल्यावर जिने चढवून पाय फक्त दुखतात.
- नागपूर तसं सपाट. पण सेमिनरी हिल्सचा चढ आहे, गावाकडे तलावाची पाळ असते. गवताचा, हलका चढ सर्वांत चांगला.
- 30-40 मीटरच्या चार-पाच फेऱ्या पुरेत. आठवड्यातून एक-दोनदाच. खाली येताना चालतच यायचं, कारण उतारावर गुडघ्यांवर जास्त ताण पडतो.
- जिना वापरायचाच असेल तर कोरडा, रुंद पायऱ्यांचा आणि कठडा असलेला हवा. एका वेळी एकच मूल, ढकलाढकली नाही. पळत उतरणं तर अजिबात नको.
- टाच किंवा गुडघा दुखतो म्हटलं की त्या दिवशी थांबवायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सराव सकाळी लवकरच उरकायचा.

आपल्या कितीतरी शाळांना ट्रॅक नाही, क्रीडा शिक्षक नाही. लिडियार्ड यांच्याकडेही प्रशिक्षकाची पदवी नव्हती की महागडी साधनं नव्हती. होते ते घराजवळचे चढाचे रस्ते, आसपासची पोरं आणि घाई न करण्याचा संयम. पहिल्या दोन गोष्टी आपल्यालाही मिळतील. तिसरी मात्र आपण मोठ्यांनीच आणायची आहे, कारण बक्षिसाची घाई मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त असते.