कपाटात राहिलेला आवाज

कॅरन कार्पेंटर हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलेलं नसेल. पण सत्तरच्या दशकात अमेरिकेत घराघरात तिचा आवाज पोचला होता.

२ मार्च १९५० रोजी जन्मलेली कॅरन शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स शिकली. थोरला भाऊ रिचर्ड पियानो वाजवायचा, गाणी बसवायचा. 'कार्पेंटर्स' ही भावा-बहिणीची जोडी १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. मग ड्रम्समागे बसलेली गायिका लोकांना दिसत नाही, म्हणून तिला पुढे उभं केलं गेलं. तिचा जीव मात्र ड्रम्समध्येच होता.

१९७९ मध्ये रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेत होता. कामाला खंड पडला. कॅरनने हिय्या केला आणि कॅलिफोर्नियाहून थेट न्यूयॉर्क गाठलं. निर्माता फिल रमोन, साथीला बिली जोएल या रॉक गायकाचे वादक. नेहमीच्या गोड गाण्यांऐवजी रॉकचा जोर, डिस्कोचा ठेका आणि जाणत्या बाईच्या मनातले विषय. एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच ती एकटीच्या नावावर अल्बम करत होती.

१९८० मध्ये अल्बम तयार झाला. कंपनीच्या वरिष्ठांना तो पसंत पडला नाही, भावालाही नाही. कॅरनने माघार घेतली. अल्बम कपाटात गेला.

तिचं दुसरं दुखणं त्याच्याही आधीचं. बारीक होण्याच्या ध्यासातून अन्नच सुटत जाण्याचा आजार, अ‍ॅनोरेक्झिया. १९७५ मध्येच अशक्तपणामुळे दौरे रद्द करावे लागले होते. १९८२ मध्ये तिने उपचार घेतले, पण उशीर झाला होता. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी हृदय बंद पडून ती गेली. वय अवघं ३२! या आजाराबद्दल लोक उघडपणे बोलू लागले, ते तिच्या जाण्यानंतर.

तो अल्बम अखेर १९९६ मध्ये बाजारात आला. ऐकायला ती नव्हती.

किशोरवयीन मुलींमध्ये काम करताना मला कॅरन हमखास आठवते. मुलगी शहाणी, सगळ्यांचं ऐकणारी म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तिचं ताट रोज अर्धं परत येत असेल, तर 'नखरे' म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि तिला काय करावंसं वाटतं, तेही एकदा शांतपणे विचारा.