वालचंद म्हणजे नुसतं कॉलेज नव्हे

दहावीनंतर आपल्या अर्ध्या वर्गाला वालचंदला जायचं होतं. वालचंद म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेज, एवढंच आपल्याला ठाऊक. मी तिथूनच इंजिनिअर झाले, पण ज्यांचं नाव रोज फाटकावर दिसायचं त्यांच्याविषयी कधी वाचलं नव्हतं. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहिलेलं वाचन झालं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. १८९९ मध्ये मॅट्रिक होऊन ते मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शिकले, पण घरच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून ते कंत्राटदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या लहानशा कामापासून निघालेली मजल भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत गेली.

१९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदींबरोबर सिंदिया ही जहाज कंपनी काढली. नरोत्तमजींचे वडील मोरारजी गोकुळदास म्हणजे आपल्या जुन्या मिलचे संस्थापक. ५ एप्रिलला त्यांचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. जहाज जुनं होतं, इंग्रज कंपन्यांशी गाठ होती. १९२३ मध्ये ते भंगारात निघालं, पण कंपनी टिकली.

पुढे १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. युद्धकाळात विमानाचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला बांधलेली ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. १९५३ साली वालचंद गेले.

वाचताना अभिमान वाटला आणि थोडं खटकलंही. यातलं मोठं काम बहुतेक सोलापूरबाहेरच झालं. आपण शाळेत असताना एकेका मिलचा भोंगा बंद होत गेला. माझ्या वडिलांची मिलही त्यातलीच. त्यानंतर आईच्या विड्यांवर घर चाललं. मी शिकले आणि पुण्याला गेले.

गाव तगलं ते मागे राहिलेल्यांमुळे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेल परदेशी जातात, गणवेश शिवून राज्याबाहेर पाठवले जातात. त्या मागांवर आणि शिलाई मशिनींवर आपल्याच वर्गातले काही जण उभे आहेत.

म्हणून मेळाव्यात मी आधी त्यांना शोधणार आहे. ऑर्डरी, स्टॉक, हिशेब यांसाठी सॉफ्टवेअर लागत असेल तर हक्काने सांगा. पैशांचं नंतर बघू. काम बार्शी लाइटएवढं लहान असलं तरी चालेल.