गुरुवर्य केळूसकर : बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीसाठी झिजलेला आपल्या मुलखातला माणूस



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीच्या मंडळींनी आम्हाला एका थोर माणसाचे चरित्र लिहून द्यायला सांगितले. आम्ही काही लेखक नव्हे. आमची उमेदीची वर्षे मुंबईला गिरणीत साच्यावर गेली. जे काय वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, खोलीतली मंडळी झोपल्यानंतर, जिन्यातल्या दिव्याखाली झाले. तरी आम्ही होकार दिला, कारण एक नाव बरेच दिवस मनात घोळत होते. ते नाव म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजी.

हे नाव मनात घोळायला कारणही तसेच घडले. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. यादी लागायची होती. आज लागेल, उद्या लागेल करता करता पावसाळा सरत आला. तिची आई रोज संध्याकाळी वंदनेला यायची आणि वंदना आटोपली की हळूच जवळ येऊन यादीचे काही कळले का, म्हणून विचारायची. तिला काय सांगावे ते आम्हाला सुचत नसे. तेव्हा आमच्या मनात यायचे, की असाच एक सुभेदार परळच्या चाळीत मुलाच्या शिक्षणाच्या पैशासाठी घायकुतीला आला होता, आणि त्याच्यासाठी आपल्याच मुलखातला एक माणूस धावला होता.

गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी केळूस या गावी झाला. मालवणकडून कर्लीची खाडी ओलांडली की वेंगुर्ले तालुका लागतो, त्या तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. गुरुजी मराठा समाजातले. कोकणातला माणूस पोटासाठी आणि शिक्षणासाठी मुंबईची वाट धरतो, तशी त्यांनीही धरली. तेव्हा रेल्वे नव्हती, वेंगुर्ल्याच्या बंदरातून समुद्रमार्गे मुंबई गाठायची. मुंबईत ते विल्सन हायस्कुलात शिक्षक झाले. मास्तरकी करता करता त्यांनी लेखणी धरली ती अखेरपर्यंत सोडली नाही.

त्यांनी तुकारामबावांचे चरित्र लिहिले, छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. या शिवचरित्रावरून प्रा. टाकखाव यांनी इंग्रजीत ग्रंथ केला, तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. पण आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे पुस्तक म्हणजे १८९८ सालचे गौतम बुद्धाचे चरित्र. हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर तेव्हा बुद्धाचे नाव कुठून येणार? अशा काळात केळूसच्या या मास्तराने मराठीत भगवंतांचे चरित्र लिहून ठेवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी ग्रंथमाला निघत होती, तिच्यासाठी ते लिहिलेले होते. पुढे जे घडले त्याचा धागा इथेच आहे.

सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला येऊन परळच्या चाळीत राहिले. एका खोलीत सगळा संसार. परळच्या चाळीत दिवस काढलेल्या आमच्यासारख्याला वेगळे सांगायला नको, की तिथे अभ्यासाला कोपरा मिळणे किती कठीण. भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक वाचत बसत. केळूसकर गुरुजीही त्या बागेत येत. रोज एकटाच वाचत बसलेला हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली. मुलगा महाराचा आहे हे कळल्यावर दुसरा एखादा चार पावले मागे सरला असता. गुरुजींनी त्याला वाचायला पुस्तके द्यायला सुरुवात केली. ओळख झाली ती अशी.

पुढे भीमरावांच्या सत्काराची सभा झाली. पुष्कळ पुस्तकांत ती १९०७ साली मॅट्रिक झाल्यावरची म्हणून दिली आहे आणि अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असे सांगितले आहे. बाबासाहेबांनी मात्र १९५६ साली आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याच्या वेळची सांगितली आहे आणि सभेचे अध्यक्ष दादा केळूसकर होते असे म्हटले आहे. सुभेदारांचा या सत्काराला विरोध होता. पोराच्या डोक्यात वारे शिरेल अशी त्यांना भीती. तेव्हा लोक गुरुजींकडे गेले, गुरुजींनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा पार पडली. त्या वेळी गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात ठेवले. ते पुस्तक वाचून आपण बुद्धाकडे वळलो, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे.

मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण पडले होते. आजच्या टक्केवारीच्या जमान्यात एखादा नाक मुरडील. पण कंदिलाच्या उजेडात, एका खोलीच्या घरात मिळवलेले ते गुण आहेत. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि इंटर पास झाले. इथे गाडी अडली. सुभेदारांची पेन्शन तुटपुंजी. पोराला पुस्तक पाहिजे म्हटले की ते लेकींच्या दारी जाऊन पैसे आणत, नाहीतर दागिना मागून गहाण टाकत. हे किती दिवस चालणार? कॉलेजची फी, पुस्तके, कपडे हे सगळे सुभेदारांच्या हाताबाहेर गेले.

या वेळी गुरुजी उठले. मुंबईच्या एका सभेत सयाजीराव महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू असे जाहीर केले होते. असे जाहीर शब्द पुष्कळांच्या कानावर पडतात आणि सभेबरोबर संपतात. गुरुजींनी ते धरून ठेवले. ग्रंथांच्या निमित्ताने बडोदा दरबारात त्यांचे नाव माहीत होते. ती ओळख त्यांनी स्वतःसाठी वापरली नाही. एका महाराच्या मुलासाठी महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना घेऊन भेटीला गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरे दिली, महाराजांचे समाधान झाले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर यांनीही पुस्तके आणि कपडे देऊन हातभार लावला. त्या दिवशी परळच्या खोलीत काय आनंद झाला असेल, तो आपापल्या घरची आठवण काढून ज्याने त्याने ओळखावा.

पुढचा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. ज्या बापाने दागिने गहाण टाकून पुस्तके आणली, त्याला मुलगा परदेशी गेलेला बघायला मिळाला नाही. त्याच वर्षी बडोदा सरकारने अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, अशी अट होती. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

पण शिष्यवृत्तीची कथा नुसती होकाराची नसते, हे पोरांना सांगितले पाहिजे. अमेरिकेहून बाबासाहेब लंडनला गेले, तिथले शिक्षण अर्धवट असतानाच मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण त्याला राहायला कोणी जागा देईना, कचेरीत शिपाईसुद्धा कागद लांबून टाकी. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेव्हाही केळूसकर गुरुजी गप्प बसले नाहीत. बडोद्यातल्या एका प्राध्यापकाकडे बाबासाहेबांच्या राहण्याची सोय लावायची खटपट त्यांनी केली. प्राध्यापक तयारही झाले. बाबासाहेब गाडीतून उतरले तर स्टेशनवर चिठ्ठी मिळाली, की घरच्या बाईमाणसाची तयारी नाही. ते आल्या पावली परतले.

म्हणजे गुरुजींची एक खटपट फळाला आली आणि एक वाया गेली. आम्हाला दोन्हींचे मोल सारखेच वाटते. यश येईल तिथेच हात घालणारे पुष्कळ असतात. एकदा होकार मिळवून दिला की आपले काम संपले, असे गुरुजींनी मानले नाही. बाबासाहेबही खचून बसले नाहीत. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन शिक्षण पुरे केले.

ज्याने घेतले त्याने फेडलेही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी सरकारकडून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले, मुलांना परदेशी पाठवले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची जी शिष्यवृत्ती सुरू झाली, तीच आज आपली पोरे घेतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध म्हणून आपल्या लोकांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. तेव्हा ही शिष्यवृत्ती कोणाची मेहेरबानी नव्हे. तिच्यामागे किती जणांचे जोडे झिजलेत ते विसरू नये.

आता आमचेच सांगतो. दहावीनंतर आम्हीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. कुठला तरी एक कागद कमी पडला, तो आम्हाला कोणी सांगितला नाही आणि अर्ज तसाच पडून राहिला. वडील बिचारे अडाणी, कचेरीच्या पायरीवर जाऊन परत यायचे. वर्षभर वाट बघितली आणि मग मुंबईची गाडी धरून बदली कामगार म्हणून गिरणीच्या गेटवर उभे राहिलो. दोष कोणाला द्यायचा नाही. पण त्या वेळी वस्तीतला एखादा शिकलेला माणूस वडिलांबरोबर त्या कचेरीत गेला असता, तर कदाचित आज हा लेख जरा बरा लिहिला गेला असता.

त्या मुलीची यादी गणपतीच्या आधी लागली. तिचे नाव त्यात नव्हते. तिची आई चार दिवस विहारात फिरकली नाही. पाचव्या दिवशी आम्ही, विहाराचे चिटणीस आणि वस्तीतले एक निवृत्त मास्तर असे तिघे तिच्या घरी गेलो. अर्जाची प्रत मागून घेतली, ओळ न् ओळ वाचली. कुठे कमी पडले ते मास्तरांनी दाखवून दिले. पुढच्या खेपेचा अर्ज भरायचे तिथेच ठरले. यश येईल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. पण या खेपेला ती आणि तिची आई एकटी नाहीत.

आमची वस्तीतल्या सगळ्या कुटुंबांना एकच विनंती आहे. आज अर्ज कॉम्प्युटरवर भरतात, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते असे शंभर कागद लागतात. ज्याला चार अक्षरे कळतात त्याने आपल्या पोराचा अर्ज भरताना शेजारच्या पोराचाही बघावा. मुदत कधी संपते ते विहाराच्या फळ्यावर लिहावे. नाव आले तर पेढे वाटावेत, नाही आले तर त्या घरी आधी जावे. केळूसकर गुरुजींनी याहून निराळे काय केले? त्यांच्याकडे ना सत्ता होती ना संपत्ती. एक मास्तर, त्याची थोडी ओळख आणि ती दुसऱ्याच्या पोरासाठी खर्च करायची दानत, एवढेच भांडवल.

गुरुजी १४ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. बरोबर बावीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्धाला शरण जाऊन धम्म स्वीकारला. तारखेचा हा योगायोग आहे, आम्ही त्याला चमत्कार म्हणत नाही. पण त्या पोराच्या हातात ते बुद्धचरित्र पहिल्यांदा कोणी ठेवले आणि त्याची कॉलेजची वाट कोणी मोकळी केली, हे केळूसच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी त्या दिवशी आठवावे. दर १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना एक फूल या मास्तरासाठीही ठेवावे, असे आम्हाला वाटते.

नमो बुद्धाय! जयभीम!