विल्यम कॅरी आणि मराठीचे व्याकरण

मराठी नवा करार आपण भक्तिभावाने हाती घेतो. परंतु त्यामागे व्याकरणाचे केवढे कष्ट आहेत, याचे स्मरण क्वचितच होते. त्या कष्टांचा आरंभ ज्यांनी केला, त्या विल्यम कॅरी यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील एका खेड्यात ते जन्मले. जोडे शिवून चरितार्थ चालवीत असतानाच त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा आत्मसात केल्या. १७९३ साली ते बंगालमध्ये आले आणि १८०० साली डेनिश अमलाखालील सेरामपूर येथे स्थायिक झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत व पुढे मराठीही शिकवू लागले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर त्यांना मराठी उमगली ती वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापले गेले.

या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे आपण विचाराल. इंग्रजीत कर्ता व कर्म बहुधा शब्दांच्या स्थानावरून कळतात. मराठीचा स्वभाव निराळा. ‘देवाने मनुष्याला निर्माण केले’ म्हणा, की ‘मनुष्याला देवाने निर्माण केले’ म्हणा, कर्ता देवच. परंतु ‘ने’ आणि ‘ला’ यांची अदलाबदल होताच निर्मिलेला निर्माता होऊन बसतो! शब्दांची जातही अशीच कार्यावरून ठरते. ‘तो बाहेर गेला’ यात ‘बाहेर’ क्रियाविशेषण आहे. ‘तो घराबाहेर गेला’ म्हणताच तोच शब्द शब्दयोगी अव्यय होतो. ‘चांगला मुलगा’ यातील विशेषण ‘चांगल्यांची संगत’ यात नाम होते. शब्द तोच, काम बदलले की पद बदलते. केवळ कोश पाहून भाषांतर करणारा येथेच फसतो, आणि शास्त्राच्या भाषांतरात अशी चूक म्हणजे श्रद्धेचा विपर्यास.

व्याकरणामागून १८१० साली कॅरींचा मराठी कोश व १८११ साली नवा करार प्रसिद्ध झाला. त्यांची मराठी पुढील पिढ्यांना ओबडधोबड वाटली, भाषांतरे नव्याने झाली; पण वाट प्रथम त्यांनी पाडली. मार्च १८१२ मध्ये छापखान्याला आग लागून बहुमोल हस्तलिखिते भस्मसात झाली, तरी ते पुन्हा कामास लागले. मायदेशी न परतता ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथेच त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, यापुढे शास्त्रवाचन करताना एखाद्या लहानशा प्रत्ययापाशी क्षणभर थांबा. कोणी केले आणि कोणासाठी केले, हे तोच आपणांस सांगत असतो.